प्रशिक्षक की प्राध्यापक? : इंडियाना विद्यापीठाचे जलतरण प्रशिक्षक डॉ. जेम्स काउन्सिलमन यांच्या कार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

क्रीडा इतिहासाचे लेखन आपल्याकडे प्रामुख्याने खेळाडूंच्या अंगाने झाले आहे. विजेत्याचे नाव, त्याचे पदक आणि त्याची वेळ यांची नोंद होते. त्याला घडविणारा शिक्षक मात्र तळटीपेत राहतो. महाविद्यालयीन क्रीडा शिक्षकाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच जाणवते. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात त्याचा तास बहुधा पहाटे किंवा दिवस मावळल्यावर असतो, आणि त्याच्या ज्ञानाला 'विषय' म्हणावे की केवळ 'कौशल्य' याविषयी सहकाऱ्यांच्या मनात संभ्रम असतो. हा संभ्रम केवळ भारतातील नाही. अमेरिकेसारख्या देशातही महाविद्यालयीन क्रीडा प्रशिक्षक हा विद्यापीठाचा खरा अध्यापक आहे काय, हा प्रश्न विसाव्या शतकात वारंवार विचारला गेला.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कार्यातून देणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये इंडियाना विद्यापीठाचे जलतरण प्रशिक्षक डॉ. जेम्स एडवर्ड काउन्सिलमन (१९२०–२००४) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. जलतरण विश्वात ते 'डॉक' याच नावाने ओळखले जात. त्यांच्या संघाने १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षे अमेरिकेची राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपदे मिळविली आणि १९६१ ते १९८० अशी सलग वीस वर्षे 'बिग टेन' या विद्यापीठ महासंघाचे विजेतेपद आपल्याकडे राखले. हे आकडे विलक्षण आहेतच. परंतु प्रस्तुत लेखाचा भर आकड्यांपेक्षा त्यामागील शिक्षकावर आहे. त्यांच्याबरोबर तीस वर्षे सूर मारण्याच्या क्रीडाप्रकाराचे प्रशिक्षण देणारे होबार्ट ऊर्फ होबी बिलिंग्जली यांच्या कार्याचाही येथे विचार केला आहे, कारण अमेरिकन विद्यापीठांत जलतरण आणि सूर या दोहोंचे गुण एकाच संघाच्या खात्यात जमा होतात.

जडणघडण

काउन्सिलमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९२० रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे झाला आणि बालपण मिसुरीतील सेंट लुईस शहरात गेले. आईने एकटीने मुलांना वाढविले. शालेय जीवनात ते हुशार विद्यार्थी नव्हते. वर्गाच्या यादीत त्यांचे नाव शेवटाकडे असे. पुढे ज्यांच्या ग्रंथाने जगभरच्या प्रशिक्षकांना शिकविले त्या माणसाची शालेय प्रगती अशी होती, ही बाब गुणपत्रिकेवरून विद्यार्थ्याचे भवितव्य ठरविणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. सेंट लुईसच्या वाय. एम. सी. ए. तरण तलावावर अर्नेस्ट व्हॉर्नब्रॉक हे प्रशिक्षक त्यांना भेटले. त्यांनी या तरुणातील ब्रेस्टस्ट्रोकचे कसब हेरले आणि त्याला उच्च शिक्षणाकडे वळविले. त्यामुळे काउन्सिलमन ओहायो स्टेट विद्यापीठात माइक पेपे यांच्या हाताखाली दाखल झाले.

पेपे हे १९३१ ते १९६३ या काळात ओहायो स्टेटचे प्रशिक्षक होते. त्यांच्या नावावर अकरा राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन विजेतेपदे आहेत, आणि त्यांच्या संघाचे बळ जलतरणाइतकेच सूर मारणाऱ्यांमध्येही होते. या ठिकाणी एका विषयांतराची गरज वाटते. पेपे यांच्या संघात त्या दशकात कियोशी नाकामा, ताकाशी हिरोसे आणि बिल स्मिथ हे हवाई बेटांवरील जलतरणपटू आले. हे तिघेही सोइची साकामोतो या प्राथमिक शिक्षकाचे शिष्य होते. माउई बेटावरील पुउनेने या ऊसमळ्यांच्या गावात साकामोतो विज्ञान शिकवीत. मळ्यातील मजुरांची मुले ऊसाला पाणी देणाऱ्या पाटांत डुंबत आणि रखवालदार त्यांना हाकलून लावत. साकामोतो यांनी त्यांच्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी स्वीकारली आणि त्याच पाटात, प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा सराव सुरू केला. ते स्वतः निष्णात जलतरणपटू नव्हते. १९३७ मध्ये त्यांनी 'तीन वर्षांचा जलतरण संघ' स्थापन केला; १९४० चे ऑलिंपिक हे त्याचे ध्येय होते. युद्धामुळे ते ऑलिंपिक झालेच नाही, १९४४ चेही नाही. तरीही या मुलांनी १९३९, १९४० आणि १९४१ अशी तीन वर्षे अमेरिकेचे राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळविले, आणि बिल स्मिथने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक जिंकले. साकामोतो पुढे हवाई विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले.

पैठणच्या नाथसागरातून निघालेल्या कालव्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकाला हा प्रसंग दूरचा वाटू नये. मराठवाड्यातील मुलेही पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली आणि काठावरून मुटका मारण्यात तरबेज झाली. विहिरीतील त्या पोहण्याचे रूपांतर स्पर्धात्मक जलतरणात करणारा शाळामास्तर मात्र त्यांना क्वचितच लाभला.

दुसऱ्या महायुद्धात काउन्सिलमन यांनी युरोपच्या आघाडीवर बी-२४ बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक म्हणून काम केले आणि 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे शौर्यपदक मिळविले. परतल्यावर त्यांनी ओहायोतील पदवी, इलिनॉय विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षण आणि नंतर आयोवा विद्यापीठातील डॉक्टरेट असा क्रम पूर्ण केला. आयोवात असताना वॉल्टर रिस हा जलतरणपटू त्यांच्या मार्गदर्शनाखाली होता. त्याने १९४८ मध्ये १०० मीटर मुक्तशैलीचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. हाताच्या दोन वेगळ्या पद्धतींनी क्रॉल पोहताना किती बल निर्माण होते, याविषयीचा त्यांचा शोधनिबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. तलावाच्या काठावर शिटी घेऊन उभा राहणारा माणूस पाण्यातील बल मोजतो, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

कॉर्टलंड : एका विद्यार्थ्याचा प्रयोग

१९५२ ते १९५७ या काळात काउन्सिलमन न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलंड येथील अध्यापक महाविद्यालयात होते. हे महाविद्यालय क्रीडाक्षेत्रात नामांकित नव्हते. येथे त्यांना जॉर्ज ब्रीन भेटला. ब्रीनने स्पर्धात्मक पोहण्यास सुरुवात केली ती वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास. आजच्या मापाने ती फारच उशिराची म्हणावी लागेल. त्याची पायांची हालचाल प्रचलित सहा ठोक्यांच्या पद्धतीहून वेगळी होती. हाताच्या एका आवर्तनात तो पायांचे दोनच ठोके मारी आणि पाय एकमेकांवरून ओलांडत. एखाद्या परंपरानिष्ठ प्रशिक्षकाने ही 'चूक' दुरुस्त करण्यात वर्ष घालविले असते. काउन्सिलमन यांनी ती तशीच राहू दिली आणि ती का उपयोगी पडते याचा अभ्यास केला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या प्राथमिक शर्यतीत ब्रीनने १७ मिनिटे ५२.९ सेकंद असा विश्वविक्रम नोंदविला. अंतिम शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा मरे रोझ पहिला, जपानचा त्सुयोशी यामानाका दुसरा आणि ब्रीन तिसरा आला.

काउन्सिलमन यांची पद्धती या प्रसंगात स्पष्ट दिसते. पुस्तकातील आदर्श शैली विद्यार्थ्यावर लादण्याऐवजी उत्तम विद्यार्थी प्रत्यक्षात काय करतो ते पाहावे आणि मग सिद्धांत मांडावा, असा त्यांचा क्रम होता. त्यासाठी त्यांनी पाण्याखालील छायाचित्रणाचा सातत्याने उपयोग केला. पाण्याच्या पृष्ठभागावरून जे दिसते आणि जलतरणपटू स्वतः जे करतो असे त्याला वाटते, त्या दोन्हींपेक्षा चित्रफितीत दिसणारे वास्तव निराळे असते, हे त्यांना कळून चुकले होते.

इंडियाना आणि बंदीची वर्षे

१९५७ मध्ये काउन्सिलमन ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात आले आणि १९९० पर्यंत तेथेच राहिले. सुरुवातीच्या काही वर्षांतच माइक ट्रॉयने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक मिळविले. चेट जास्ट्रेम्स्की या ब्रेस्टस्ट्रोक जलतरणपटूबरोबर काउन्सिलमन यांनी या शैलीची जणू पुनर्रचनाच केली. पूर्वी या शैलीत गुडघे रुंद फाकवून पाय मारले जात. त्यामुळे पाण्याचा अवरोध वाढे. नव्या पद्धतीत गुडघे जवळ ठेवून पोटऱ्या चाबकासारख्या फिरविल्या जाऊ लागल्या आणि हातांची गती वाढली. १९६१ च्या उन्हाळ्यात जास्ट्रेम्स्कीने १०० मीटरचा विश्वविक्रम वारंवार मोडीत १ मिनिट ७.५ सेकंदांपर्यंत खाली आणला. १०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोक एका मिनिटाच्या आत पोहणारा तो पहिला मानव होय. नंतर तो वैद्यकीय व्यवसायात गेला.

मात्र या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही, आणि त्याचे कारण पाण्यात नव्हते. विद्यापीठाच्या फुटबॉल विभागाने खेळाडूंच्या भरतीत नियमभंग केल्याचा ठपका १९६० मध्ये ठेवण्यात आला आणि राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन क्रीडा संघटनेने इंडियानाच्या सर्वच खेळांच्या संघांना राष्ट्रीय स्पर्धांतून चार वर्षांसाठी वगळले. ज्या जलतरणपटूंचा त्या नियमभंगाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांनी त्याची शिक्षा भोगली. या अन्यायाचे मोजमाप करण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही. १९६१ आणि १९६२ या दोन्ही वर्षी इंडियानाने बिग टेन स्पर्धेत मिशिगन आणि ओहायो स्टेट या संघांना मागे टाकले. आणि त्याच वर्षांतील राष्ट्रीय विजेतेपदे अनुक्रमे मिशिगन आणि ओहायो स्टेटने नेली. १९६२ चे विजेतेपद तर काउन्सिलमन यांचे गुरू पेपे यांचे अकरावे आणि अखेरचे ठरले. शिष्याच्या संघाकडून हरलेल्या गुरूच्या संघाने शिष्याच्या अनुपस्थितीत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवावे, असा योग क्रीडा इतिहासात विरळाच. महाविद्यालयीन खेळाडूची कारकीर्द चारच वर्षांची असते. त्यामुळे प्रशासनाच्या दृष्टीने 'चार वर्षांची बंदी' असलेली ही शिक्षा काही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आयुष्यभराची होती.

बंदी उठल्यानंतरही इंडियानाला विजेतेपदासाठी १९६८ पर्यंत थांबावे लागले, कारण मधल्या काळात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ प्रबळ झाला होता. १९६८ नंतर मात्र सहा वर्षे इंडियानाचे वर्चस्व अबाधित राहिले. चार्ल्स हिककॉक्सने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. गॅरी हॉल, जॉन किन्सेला, माइक स्टॅम हे सर्व याच काळातील विद्यार्थी. मार्क स्पिट्झ १९६९ मध्ये इंडियानात दाखल झाला आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने सात सुवर्णपदके सात विश्वविक्रमांसह मिळविली.

स्पिट्झच्या यशाचे श्रेय काउन्सिलमन यांना देताना काहीसा संयम आवश्यक आहे. तो इंडियानात आला तेव्हाच विश्वविक्रमवीर होता. शर्म शाव्हूर आणि जॉर्ज हेन्स या कॅलिफोर्नियातील प्रशिक्षकांनी त्याला घडविले होते. मेक्सिकोत सहा सुवर्णपदके जिंकण्याची भाषा करून केवळ दोन सांघिक सुवर्णपदकांवर समाधान मानावे लागलेला, टीकेने दुखावलेला हा तरुण ब्लूमिंग्टनमध्ये आला. काउन्सिलमन यांनी त्याला नवे हात-पाय दिले नाहीत. त्याला एका संघात सामावून घेतले. संघातील इतर मुलांनी त्याचे स्वागत कसे करावे याची काळजी घेणे हाही प्रशिक्षणाचाच भाग होता, आणि जॉर्ज ब्रीनच्या तुलनेत स्पिट्झच्या बाबतीत हाच भाग मोठा होता, असे म्हणावे लागेल.

त्याच १९७२ सालाला मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी दोन संदर्भ आहेत. म्युनिकच्या काही आठवडे आधी, ऑगस्टच्या पूर्वार्धात, जर्मनीतच हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे सांगली जिल्ह्यातील पेठ गावच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंद अशी विश्वविक्रमी वेळ नोंदवून सुवर्णपदक मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा सैनिक पाण्यात उतरला तो उपचाराचा भाग म्हणून. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. दुसरा संदर्भ दुष्काळाचा. १९७२ मध्ये मराठवाड्यातील विहिरींनी तळ गाठला होता आणि माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. जलतरण हा पाण्याच्या मुबलकतेचा खेळ आहे, ही साधी गोष्ट क्रीडा इतिहासाच्या तौलनिक अभ्यासात अनेकदा विसरली जाते.

प्रशिक्षणाचे शास्त्र

धावपटूंच्या सरावात जर्मनीमध्ये १९३० च्या दशकात रूढ झालेले अंतरायुक्त प्रशिक्षण काउन्सिलमन यांनी जलतरणात पद्धतशीरपणे आणले. ऑस्ट्रेलियात शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक फोर्ब्स कार्लाइल हेही याच दिशेने प्रयत्न करीत होते. सलग दोन-तीन हजार मीटर पोहण्याऐवजी शंभर मीटरची अनेक आवर्तने ठरावीक विश्रांती घेऊन पोहायची, आणि विश्रांतीचा काळ व वेग यांत बदल करून हृदय, स्नायू व सहनशक्ती यांवर हवा तसा ताण द्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. यात एक व्यावहारिक अडचण होती. एका प्रशिक्षकाच्या हातातील एका घड्याळावर तीस-चाळीस जलतरणपटूंची वेळ कशी मोजायची? त्यावर उपाय म्हणून तलावाच्या काठावर मोठा सेकंदकाटा असलेले घड्याळ उभे करण्यात आले. पाच किंवा दहा सेकंदांच्या अंतराने एकामागून एक विद्यार्थी सुटत आणि परत आल्यावर स्वतःची वेळ स्वतःच वाचीत. हे घड्याळ प्रचारात आणण्याचे श्रेय काउन्सिलमन यांना दिले जाते. ते आज जगातील बहुतेक तलावांवर दिसते. शैक्षणिक दृष्टीने पाहता, त्याने मूल्यमापनाचा अधिकार शिक्षकाच्या मुठीतून काढून विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर ठेवला, ही त्याची खरी कामगिरी होय. चांगल्या वेळेबद्दल हे डॉक्टरेटधारक गृहस्थ विद्यार्थ्यांना जेली बीन्सच्या गोळ्या देत आणि जगज्जेते जलतरणपटू त्या मिळविण्यासाठी चुरस करीत.

१९६८ मध्ये त्यांचा 'द सायन्स ऑफ स्विमिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. या ग्रंथात हाताच्या रेट्याचे स्पष्टीकरण न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने दिले आहे. पाणी मागे ढकलले की शरीर पुढे जाते. परंतु चित्रफितीत हात सरळ मागे न जाता नागमोडी मार्गाने जाताना दिसत होता. त्याचे कारण असे सांगण्यात आले की, एकदा हलविलेले पाणी पुढे चांगला आधार देत नाही, म्हणून हात सतत स्थिर पाण्याचा शोध घेतो. यानंतर त्यांनी अंधाऱ्या तलावात जलतरणपटूंच्या हाताला लुकलुकणारे दिवे बांधून चित्रण केले. तेव्हा लक्षात आले की, तलावाच्या संदर्भात पाहता हात मागे फारसा जातच नाही. तो बाजूला आणि वरखाली अधिक सरकतो. १९७१ मध्ये त्यांनी आपले आधीचे स्पष्टीकरण बाजूला ठेवून बर्नुलीच्या तत्त्वाचा आधार घेतला. विमानाच्या पंखावर जसे उद्धरणबल निर्माण होते तसे तळहातावर निर्माण होते, आणि हात हा वल्ह्यापेक्षा जहाजाच्या पंख्यासारखे काम करतो, असे त्यांनी मांडले. बॉम्बफेकी विमान चालविलेल्या माणसाला पंखाचे उदाहरण सुचावे हे स्वाभाविकच होते.

ज्या ग्रंथाने जागतिक कीर्ती दिली त्यातील मध्यवर्ती स्पष्टीकरण अवघ्या तीन वर्षांत स्वतःच मोडीत काढणे सोपे नाही. मात्र नवा सिद्धांतही अखेरचा ठरला नाही. १९९० च्या दशकापासून अनेक संशोधकांनी उद्धरणबलावर दिलेला भर अतिरिक्त असल्याचे दाखविले, आणि आज हाताच्या मागील दिशेच्या रेट्याला व पाण्यातील भोवऱ्यांच्या अस्थिर प्रवाहाला अधिक महत्त्व दिले जाते. दरम्यान जगभरच्या प्रशिक्षकांनी मुलांना इंग्रजी 'एस' अक्षरासारखा हात फिरवायला घोटून घोटून शिकविले होते. कमी वेळा श्वास घेऊन पोहण्याच्या त्यांच्या सराव पद्धतीबाबतही असेच घडले. त्यामुळे ऊतींना प्राणवायूचा तुटवडा भासून सहनशक्ती वाढते हा मूळ तर्क टिकला नाही. प्रत्यक्षात वाढतो तो प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. तेव्हा काउन्सिलमन यांच्या शास्त्रीयतेचा गौरव करताना त्यांचे सिद्धांत 'बरोबर' होते म्हणून तो करता येत नाही. ते तपासता येतील अशा रीतीने मांडलेले होते, आणि म्हणूनच इतरांना ते खोडता आले. गुरूचे वाक्य हेच प्रमाण मानणाऱ्या आखाड्यात आणि विद्यापीठातील प्रयोगशाळेत हाच भेद असतो.

होबी बिलिंग्जली आणि सूर मारण्याचे गणित

होबी बिलिंग्जली हेही पेपे यांचेच विद्यार्थी. ओहायो स्टेटमध्ये पहिल्या वर्षात असतानाच त्यांनी १९४५ मध्ये एक मीटर आणि तीन मीटर या दोन्ही फळ्यांवरील राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन विजेतेपदे पटकावली. १९५९ मध्ये ते इंडियानात आले आणि १९८९ पर्यंत तेथे राहिले. काउन्सिलमन यांच्यापुढे प्रश्न पाण्याच्या अवरोधाचा होता. बिलिंग्जली यांच्यापुढे तो हवेतील दीड-दोन सेकंदांचा होता.

फळीवरून पाय सुटले की खेळाडूच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेलेला असतो, आणि त्याची एकूण कोनीय गतीही ठरलेली असते. हवेत कितीही धडपड केली तरी त्यात भर पडत नाही. अंगाची मुटकुळी केली की फिरण्याचा वेग वाढतो, अंग ताणले की तो मंदावतो, इतकेच त्याच्या हाती उरते. म्हणून कोलांटी हवेत शिकवायची नसते, ती फळीवरच्या शेवटच्या पावलात शिकवायची असते. न्यूटनच्या नियमांचे हे उपयोजन बिलिंग्जली यांनी अभ्यासपूर्वक केले आणि कमरेला पट्टा व दोर बांधून ट्रॅम्पोलिनवर सराव देण्याच्या साधनांचा मोठा वापर केला. विहिरीच्या काठावरून मुटका मारणारे पोर हेच तत्त्व अनुभवाने जाणते; त्याला त्याचे नाव ठाऊक नसते. इंडियानाचा केन सिट्झबर्गर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन मीटर फळीवर सुवर्णपदक विजेता ठरला. सिंथिया पॉटरने १९७६ मध्ये कांस्यपदक मिळविले, आणि मार्क लेंझीने १९९२ मध्ये बार्सिलोना येथे सुवर्णपदक जिंकले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनप्रसंगी सर्व पंचांच्या वतीने शपथ घेण्याचा मान बिलिंग्जली यांना मिळाला.

भारतात या क्रीडाप्रकाराची सुरुवात उत्साहवर्धक होती. १९५१ मध्ये दिल्ली येथील पहिल्या आशियाई स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी फळी आणि उंच मंच या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके मिळविली, तर शचिन नाग यांनी १०० मीटर मुक्तशैलीत आणि भारतीय संघाने वॉटर पोलोत सुवर्ण जिंकले. त्यानंतर मात्र आशियाई स्तरावरील जलतरण शर्यतींतील पदकांची नोंद विरळ होत जाते. १९८६ मध्ये खजानसिंग यांचे रौप्य आणि त्यानंतर चोवीस वर्षांनी, २०१० मध्ये, कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे कांस्य, असा हा क्रम आहे.

मर्यादा

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. काउन्सिलमन यांचा विजयी संघ हा पुरुषांचा आणि जवळजवळ संपूर्णतः श्वेतवर्णीयांचा होता. अमेरिकेतील सार्वजनिक तरण तलावांवर कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारण्याची प्रथा दीर्घकाळ चालू होती, आणि कायद्याने ती संपल्यावरही अनेक ठिकाणी तलाव बुजविले गेले किंवा खासगी क्लबांच्या कुंपणाआड गेले. जलतरणात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री, सिमोन मॅन्युएल, २०१६ मध्ये पुढे आली. पाण्याला स्पर्श करण्याचा अधिकार हा सामाजिक प्रश्न आहे, हे महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. काउन्सिलमन यांनी या विषमतेचे समर्थन केल्याचे आढळत नाही. पण त्यांची प्रयोगशाळा याच कुंपणाच्या आत उभी होती. महिला खेळाडूंच्या बाबतीतही अमेरिकन विद्यापीठांचे दरवाजे खऱ्या अर्थाने उघडले ते १९७२ च्या समान शैक्षणिक संधीच्या कायद्यानंतर.

अखेरची वर्षे

१९६४ प्रमाणेच १९७६ मध्येही काउन्सिलमन अमेरिकेच्या पुरुष ऑलिंपिक जलतरण संघाचे प्रशिक्षक होते. माँट्रियल येथे या संघाने तेरापैकी बारा सुवर्णपदके मिळविली. इंडियानाच्याच जिम माँटगोमेरीने १०० मीटर मुक्तशैली ४९.९९ सेकंदांत पोहून पन्नास सेकंदांची मर्यादा इतिहासात प्रथमच ओलांडली. तेरावे सुवर्णपदक २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे होते आणि ते ब्रिटनच्या डेव्हिड विल्की याने नेले. ब्रेस्टस्ट्रोक हीच काउन्सिलमन यांची स्वतःची शैली होती.

तीन वर्षांनी, १४ सप्टेंबर १९७९ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा यांनी पार केलेली हीच ती खाडी. काउन्सिलमन यांना १३ तास ७ मिनिटे लागली आणि तोवर ती पोहणाऱ्यांमध्ये ते वयाने सर्वांत ज्येष्ठ ठरले. इतकी वर्षे काठावर उभे राहून इतरांना जे करायला सांगितले ते स्वतः करून पाहण्याचा हा प्रसंग होता. पुढे कंपवाताच्या विकाराने त्यांच्या हालचालींवर बंधने आली. १९९० मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर बिग टेनची तेवीस विजेतेपदे होती. ४ जानेवारी २००४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. बिलिंग्जली यांचे निधन २०२२ मध्ये झाले. इंडियाना विद्यापीठाने १९९६ मध्ये नवा जलक्रीडा संकुल उभारला तेव्हा त्याला कोणा देणगीदाराचे नाव न देता काउन्सिलमन आणि बिलिंग्जली या दोन शिक्षकांची नावे दिली. पोहण्याचा तलाव आणि सूर मारण्याचा मनोरा तेथे एकाच छताखाली आहेत.